फिल्टरवाल्याच्या नळाचं फडकं

मी एकोणतीस वर्षं बारा गावांना पाणी गाळून दिलं, आणि त्यातली जवळपास सगळी वर्षं माझ्या स्वतःच्या घरच्या नळाला फडकं बांधलेलं होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या कुरुंदा गावातले सगळे हसून झालेत, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "नोकरीतले थरारक प्रसंग लिहा." जलशुद्धीकरण केंद्रावर थरारक काय होणार हो? पाणी येतं, पाणी जातं. एकदा एक म्हैस निवळण टाकीत पडली होती, पण ती आमच्याच वॉचमनची होती आणि तो विषय काढलेला त्याला अजून चालत नाही. म्हणून मी फडक्याचंच सांगतो. ते नळावरून उतरावं, एवढ्याचसाठी मी निम्मी नोकरी केली. बदली नको होती, बढती तर आमच्या पदाला नव्हतीच. फक्त ते फडकं उतरायला पाहिजे होतं.

आधी कामाचं सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की फिल्टर म्हणजे मोठी चहाची गाळणी. कालव्याचं पाणी आमच्याकडे यायचं ते उन्हाळ्यात हिरवट आणि पावसाळ्यात थेट चहाच्या रंगाचं. काडीकचरा जाळीला अडकतो. पण आपल्याकडच्या काळ्या मातीचा बारीक गाळ मोठा हट्टी, दोन दिवस ठेवलं तरी तो तळाला बसत नाही. म्हणून त्यात तुरटी सोडून ढवळायचं. मग ते कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि निवळण टाकीत खाली बसतात. बसायचे राहिलेले पुंजके पुढं गाळणीवर येतात. गाळणी म्हणजे खोलीएवढा हौद. तळाला बारीक चिरांची नोझलं, त्यावर गोटे, त्यावर खडी आणि सगळ्यात वर वाळू. पाणी वरून झिरपत खाली जातं, वाळू उरलेला गाळ धरून ठेवते आणि खालून निवळ पाणी निघतं. त्यात ब्लिचिंग पावडर सोडून ते टाकीत चढवायचं. वाळू गाळानं भरली की खालून हवा आणि पाणी उलटं सोडून ती धुवायची. याला आम्ही बॅकवॉश म्हणायचो. अशा तीन गाळण्या माझ्या ताब्यात होत्या आणि त्यांचा मला भलता गर्व होता.

या गर्वातच माझं लग्न झालं. आमची मंडळी, सुमन, साखरा गावची. तो सगळा कोरडवाहू मुलूख, विहिरीत खाली उतरून पाणी भरायचं. सासूबाईंच्या पायातून त्यांच्या तरुणपणी दोनदा नारू निघाला होता. आजच्या पोरांना नारू माहीत नाही, ते बरंच आहे. तो एक जंत. न गाळलेल्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. तेव्हापासून त्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. लग्नात रुखवत मांडलं तर त्यात लाडू-करंज्यांच्या शेजारी धोतराची दोन दुपदरी पांढरी फडकी, कडेनं टाके घालून नीट घडी केलेली. आमच्याकडची पाहुणेमंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "हसा. पन माझी लेक पानी गाळल्याबिगर पेनार न्हाई."

घरी आल्यावर मी सुमनला ऐटीत सांगितलं, "हे ट्रंकेत ठेव. या घरात मी गाळतो."

"व्हय का?" ती म्हणाली आणि तिनं फडकी खरंच ट्रंकेत ठेवली. त्या भरवशाला मी सात महिनेसुद्धा पुरलो नाही.

झालं असं की मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. केंद्र चकाचक पाहिजे, असा वरून निरोप. मी तेव्हा नवीन, अंगात उत्साह मावत नव्हता. मला वाटलं, साहेबांनी गाळणीत डोकावलं तर वाळू कशी देवघरातल्या रांगोळीसारखी दिसायला पाहिजे. म्हणून तिन्ही गाळण्यांना मी एका दिवसात तीन-तीन बॅकवॉश दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी हौदात उतरून खराट्यानं भिंती घासल्या आणि कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसलेला गाळ उकरून काढला. वाळू अशी पांढरीफेक निघाली की मीच तिच्याकडं दहा मिनिटं बघत उभा राहिलो.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मला त्या दिवशी माहीत नव्हती. फार स्वच्छ वाळू नीट गाळत नाही. धुतलेल्या वाळूला आधी थोडं मळावं लागतं. कणांवर गाळाचा पातळसा लेप बसला की मग ती बारीक गाळ धरायला लागते. म्हणून धुतल्यावरचं पहिलं पाणी टाकीत न घेता नालीला सोडून द्यायचं असतं. मी ते पाणी सोडलं नाही. एवढ्या सुंदर वाळूतून आलेलं पाणी नालीला कसं सोडायचं, असं मला वाटलं! तिन्ही गाळण्यांचं पाणी मी सरळ टाकीत घेतलं आणि साहेबांची वाट बघत बसलो.

साहेब आलेच नाहीत. त्यांची जीप वसमतहून परस्पर परत गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीची पाण्याची पाळी होती आणि नेमक्या सासूबाई लेकीकडं आलेल्या. मी अंगणात दात घासत होतो. सुमननं हंडा भरून आत नेला, सासूबाईंनी त्यात डोकावलं आणि मला हाक मारली. पाणी गढूळ होतंच, वर त्यात एक तांबडी अळी वळवळत होती. हौदाच्या कोपऱ्यातून मी उकरून काढलेल्यांपैकीच ती असणार.

"जवाईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हे बी तुमीच गाळलं व्हय?"

तोंडात पेस्ट होती म्हणून मी वाचलो, नाहीतर काय उत्तर देणार होतो?  सुमन आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि बाहेर येऊन तिनं नळाच्या तोटीला फडकं बांधलं, वर सुतळीच्या दोन गाठी मारल्या. ते त्या दिवशी चढलं ते चढलंच.

मला वाटलं होतं आठ-पंधरा दिवसांत राग उतरेल. छे! पाण्याची पाळी झाली की ती फडकं सोडायची, अंगणातल्या दोरीवर न धुता, पसरून वाळत घालायची. मी ड्यूटीवरून येईपर्यंत ते तिथंच. मी बघितलं की मगच धुवायची. त्यावर गाळाचा गोल डाग उमटलेला असायचा, कधी फिकट, कधी गडद. मला तो दर वेळी मनाला लागायचा. म्हटलं, बाई आपल्याला मुद्दाम दाखवतेय.

"धुवून वाळत घालत जा ना," मी एकदा म्हणालो.

"काहून? लाज वाटून राहिली व्हय?"

वाटत होतीच. कारण शेजारी गफूरभाई. त्यांचा हळदीचा व्यापार होता, माणूस दिलदार, पण जिभेला लगाम नाही. त्यांनी कुंपणावरून ती दोरी बघितली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपरेटरसाहेब, हलवाई घरी पेढे बाहेरून आणून राहिला म्हणजे काय समजावं आमी?"

दुसऱ्या पाळीला त्यांच्या नळाला फडकं! मग पलीकडच्या देशमुखांच्या, मग शाळेतल्या गुरुजींच्या. महिनाभरात सगळ्या गल्लीच्या नळांनी डोक्याला मुंडासं बांधलं. लोकांचा हिशेब सरळ होता. ज्याच्या हातात गाळणी आहे त्याच्याच घरी भरोसा नाही, तर आपण काहून ठेवावा? मी सायकलवरून जाताना मान खाली घालून जायचो.

शेवटी मीच गफूरभाईंना गाठलं. म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते पाणी साफ करून दाखवतो. जमलं तर गल्लीतली फडकी सोडायची."

त्यांचे डोळे चमकले. "बराबर. मग माझी हळद टाकू पाण्यात. तिला काढून दाखवा. ती काय चीज आहे तुमाला ठाऊक न्हाई. कपड्याला लागली तर धोबी हात जोडते."

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात अख्खी गल्ली जमली. मी तळाला भोकं पाडलेली बादली आणली, तिच्यात केंद्रावरच्यासारखे गोटे, खडी, वाळू असे थर लावले, वाळू धुवून पहिलं पाणी सोडूनसुद्धा दिलं. एकदा पोळलो होतो ना. गफूरभाईंनी घागरभर पाण्यात मूठभर हळद कालवली. पाणी कसलं, लग्नघरातली हळदच ती. आणि मग "चलो चलो, किती वेळ?" असा त्यांचा धोशा सुरू झाला, पोरं शिट्ट्या मारायला लागली आणि माझं डोकं फिरलं. मी ते पाणी उचललं आणि थेट वाळूवर ओतलं.

तुरटी विसरलो. बारा गावांचा फिल्टर ऑपरेटर तुरटी विसरला.

खालच्या पातेल्यात पिवळंधमक पाणी पडायला लागलं.  मग आमच्या कुंपणापलीकडून सुमनचा आवाज आला, "अवो, फडकं आणू का?"

गल्ली जी हसली ती मला आजही ऐकू येते. गफूरभाई हसता हसता खाटेवर बसले. मी म्हणालो, "थांबा. आता माझ्या पद्धतीनं." नवं हळदीचं पाणी केलं, त्यात तुरटी विरघळवून सोडली, आधी जोरात ढवळलं, मग अगदी हळूहळू. आणि सगळ्यांना सांगितलं की आता चहा करा, कारण आता काही दिसणार नाही. लोकांनी चहा घेतला, तंबाखू मळली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तोवर घागरीत हळदीचे पुंजके जमून खाली बसायला लागले. वरचं पाणी मी अलगद वाळूवर सोडलं. यावेळी खालून जे आलं ते गफूरभाईंनी काचेच्या ग्लासात धरून उन्हाकडं बघितलं, ग्लास फिरवून फिरवून बघितलं आणि बिस्मिल्ला म्हणून पिऊन टाकलं.

"साफ आहे," ते म्हणाले. "पण मग मेहनत तर तुरटीनं केली. वाळू काहून पाहिजे?"

मी घागरीतलं वरचं, न गाळलेलं पाणी दुसऱ्या ग्लासात दिलं. उन्हात धरल्यावर त्यात बारीक पिवळे तुकडे तरंगताना दिसले. "हे जे खाली बसत नाही ना, ते वाळू धरते," मी म्हणालो. "तुरटी गोळा करते, टाकी खाली बसवते आणि शेवटची राखण वाळूची. तिघांतला एक जरी चुकला तरी आत्ता झालं तसं होतं." गफूरभाईंना हे एकदम पटलं. शब्दाचा पक्का माणूस, तिथल्या तिथं उठले आणि नळाचं फडकं सोडून त्यानंच कपाळाचा घाम पुसला. संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे नळ उघडे झाले.

एक सोडून.

"आता तरी?" मी सुमनला विचारलं.

"त्यायचं त्यायनं सोडलं. माझं राहू द्या."

"अगं पण भरवसा नाही का माझ्यावर?"

"भाकरी थंडी होऊन राहिली," ती म्हणाली. हेच उत्तर मला पुढं अठ्ठावीस वर्षं मिळत गेलं, कधी भाकरीच्या जागी खिचडी असायची एवढंच.

आता एक कबुली देतो. ती केंद्रात असताना कधी दिली नाही. आमच्याकडं पाण्याचा गढूळपणा मोजायचं एक यंत्र होतं. ते खोक्यात होतं. बरीच वर्षं ते बॅटरीची वाट बघत खोक्यातच राहिलं आणि बॅटरी आली तेव्हा त्यात मुंग्यांनी घर केलं होतं. मग मी रजिस्टर कसं भरायचो? डोळ्यांनी, अंदाजानं आणि खरं सांगायचं तर फडक्यानं. दोरीवरचा डाग फिकट असला की मी निवांत जेवायचो. कडेला तपकिरी दिसला की समजायचं तुरटी कमी पडली. मधोमध चिकट वाटला की वाळू भरली, धुवायची वेळ झाली. हे मी ठरवून शिकलो नाही. दर पाळीला तो डाग बघून चिडायचो, आणि चिडल्याचिडल्या कारण शोधायला केंद्रावर जायचो. वर पुढच्या पाळीला फडकं पांढरं निघावं म्हणून जीव काढून काम करायचो. वाटायचं, सलग महिनाभर पांढरं निघालं तर ती नक्की सोडेल. सलग महिना कधी झालाच नाही. कालवा होऊ देत नव्हता.

एका श्रावणात, कालव्याला नुसता चिखल वाहत असताना, मी घरी आलो आणि दोरीवरच्या फडक्याला हात लावला. बोटांना काहीतरी टोचलं. चिमटीत धरून बघितलं तर वाळू. आणि ही वाळू कालव्याची नव्हती. एकसारखी, टपोरी. ती मी आंधळा झालो तरी ओळखली असती. माझ्याच गाळणीतली वाळू माझ्या घरच्या नळातून आली होती!

 वाळू खालून निसटतेय म्हणजे तळाचं नोझल फुटलं. मग तिथून वाळू वाहून जाते, थराला भोक पडतं आणि वरचं घाण पाणी न गाळता थेट बारा गावांत. "जेवून जा," सुमन म्हणाली, तोवर मी सायकलवर होतो. केंद्रावर पोचून बघितलं तर दोन नंबरच्या गाळणीत मधोमध वाळू खचून खळगा पडलेला. मी ती गाळणी बंद केली, टाकीचा व्हॉल बंद केला, गावोगावच्या पाणी सोडणाऱ्यांना निरोप दिले की आज नळ उघडू नका. तीन दिवस उरलेल्या दोन गाळण्यांवर काढले. पटकीचे दिवस होते ते. एकाही गावात कुणी आजारी पडलं नाही.

इंजिनियरसाहेब आले, खुश झाले. म्हणाले, "शाब्बास! कशानं पकडलंत हे?"

मी छाती काढून म्हणालो, "नियमित तपासणी, साहेब." त्यांनी तसं लिहूनही घेतलं. घरी येऊन मी सुमनला हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. पण मी एका शब्दानं तिला शाबासकी दिली नाही. ते फडकं मला अजून अपमानच वाटत होतं. याचं आता वाईट वाटतं, फार वाटतं.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात माझ्या नावाच्या आधी 'जलदूत' लावलं. माझ्या जागी आली ती गफूरभाईंची नात, रुबिना. रसायनशास्त्र शिकलेली हुशार पोरगी, मला चाचा म्हणते. खोक्यातल्या यंत्राच्या जागी आता नवं यंत्र आहे आणि ते चालतंही.

निवृत्तीनंतर आमच्या गल्लीची पहिली पाळी आली. मी चहाचा कप घेऊन अंगणात बसलो आणि बघतो तर तोटीला फडकं नाही! नळ उघडा, पाणी धो धो हंड्यात पडतंय. मला आनंद व्हायला पाहिजे होता. अठ्ठावीस वर्षं याचसाठी झटलो होतो.

"सोडलंस?" मी विचारलं.

"व्हय."

"बसला म्हणायचा शेवटी भरवसा."

सुमननं हंडा बाजूला केला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी एवढं शिकलेले, पन येडेच राहिलात. भरवसा नसता तर लेकरायला पाजलं असतं व्हय हे पानी? फडकं मी माझ्यासाठी बांधत न्हवते. पानी खराब आलं तर लोकायच्या आधी तुमाला कळावं, गावात कोनी बोट दाखवू न्हाई, म्हनून. तुमी सायबाचं ऐकत न्हवता, माझं तर न्हाईच न्हाई. फडक्याचं मात्र ऐकत व्हता. आता तुमी घरी. कोनाला दाखवू?"

माझा चहा हातात तसाच राहिला. एवढी वर्षं दोरीवर ते न धुता का वाळत पडायचं, हे मला त्या सकाळी कळलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला."

मी उठलो. ट्रंक उघडली. फडकी फाटत गेली तशी ती जुन्या धोतरांची नवी शिवत गेली होती, पण रुखवतातल्या जोडीतलं दुसरं तसंच घडीत होतं. ते घेतलं आणि स्वतः तोटीला बांधलं, सुतळीच्या दोन गाठी मारून.

"आता तुमाला काहून पाहिजे?" ती म्हणाली. "पोरीवर भरवसा न्हाई व्हय?"

 पाणी भरून झाल्यावर फडकं सोडलं. कडेला तपकिरी छटा होती, किंचित. घडी करून खिशात घातलं आणि केंद्रावर गेलो. रुबिना दारातच भेटली, चेहरा फुगलेला.

"चाचा, बरं झालं आलात. तुमीच समजवा अम्मीला. मी इथं रोज पानी तपासून राहिले, मशीनवर आकडा बराबर येते, अन् आज घरी अम्मीनं नळाला फडकं बांधलं! आख्खी गल्ली बघून राहिली. किती इज्जत गेली माझी!"

माझा हात खिशात होता. मी तो तिथंच राहू दिला.

"डाग कसला आहे त्यावर?" मी विचारलं.

"डाग? मी काहून बघू? मी सांगितलं अम्मीला, आत्ताच्या आत्ता सोड म्हणून."

"सोडायला सांगू नको," मी म्हणालो. "जेवायला घरी जाशील तेव्हा आधी दोरीकडं बघ. कडेला तपकिरी असेल तर तुरटी थोडी वाढव."